क्लॅम्पच्या मुठीखालचा तीळ

आमच्या घरात एकही स्टीलचं भांडं नाव कोरल्याशिवाय वापरात येत नाही. भांड्यांच्या दुकानात ते घरघरणारं कोरायचं यंत्र असतं, त्याच्यासमोर मी उभी राहते आणि चमच्यांवरसुद्धा नाव घालून घेते. दुकानदार म्हणतो, ताई, चमच्यावर कुठे मावणार? मी म्हणते, मावेल तेवढं घाला. शेजारी डबा गेला की परत येईपर्यंत माझं लक्ष त्याच्यात असतं, आणि आला की आधी मी तो उलटा करून बघते. माणसं वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. डबे सारखे दिसतात, एवढंच.

आई म्हणायची, ही पोरगी दुधालासुद्धा विचारेल, तू खरंच पांढरं आहेस का. आईचं ते बोलणं मला कधी टोचलं नाही. दूध किती वेळा पांढरं नसतं हे तिलाही माहीत होतं.

भोसरीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या ड्रॉइंग ऑफिसात मी नोकरी करते. आम्ही फिक्स्चर बनवतो. गाडीचे पत्र्याचे दोन तुकडे एकमेकांना वेल्ड करायचे तर ते जागचे हलू नयेत म्हणून ज्या लोखंडी सांगाड्यात धरून ठेवतात, ते फिक्स्चर. धरायचं काम क्लॅम्प करतात. मूठ दाबली की पंजा पत्र्यावर बसतो, उचलली की सुटतो. एकेका फिक्स्चरवर असे क्लॅम्प चिकार असतात, आणि प्रत्येक क्लॅम्प रेघ रेघ करून काढत बसलं तर जन्म जाईल. म्हणून तो एकदाच नीट काढायचा, त्याला नाव द्यायचं आणि जपून ठेवायचा. मग लागेल तिथे आयता आणून बसवायचा. अशा जपून ठेवलेल्या चित्राला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉकची एक गंमत आहे, ती आत्ताच सांगून ठेवते. एखाद्या ड्रॉइंगमध्ये ब्लॉक दुरुस्त करताना एक रेघ पुसली, की त्या ड्रॉइंगमध्ये तो जिथे जिथे बसलाय तिथून ती रेघ एकदमच जाते.

ज्याचे ब्लॉक चांगले त्याचा हात चालतो. म्हणून आमच्या धंद्यात ब्लॉक म्हणजे घरच्या मसाल्याचं प्रमाण. जो तो आपला साठा पेनड्राइव्हवर घेऊन या नोकरीतून त्या नोकरीत जातो आणि दुसऱ्याला दाखवताना अर्धाच दाखवतो. चोरी झाली तर ओळखता यावी म्हणून बरेच जण आत खूणही ठेवतात. कुणी एखादी रेघ नखभर पुढे नेतो, कुणी कोपरा किंचित तिरपा ठेवतो. मी मुठीच्या खालच्या बाजूला एक बारीकसं वर्तुळ ठेवते. ते ड्रॉइंगच्या अशा थरावर, म्हणजे लेयरवर असतं की प्रिंटमध्ये उमटत नाही आणि स्क्रीनवरही अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. त्याला मी मनातल्या मनात तीळ म्हणते.

तर आमच्या मालकांच्या डोक्यात एकदा आलं की ऑफिसची एकच लायब्ररी करायची. सगळ्यांनी आपापले ब्लॉक त्यात टाकायचे, सगळ्यांनी तेच वापरायचे. मालक मूळ भोसरीचे. वर्कशॉप उभं आहे ती जमीन त्यांच्या आजोबांच्या वेळेपर्यंत शेती होती. कॉम्प्युटरमधलं आपल्याला काही कळत नाही पण माणसातलं सगळं कळतं, असा त्यांचा ठाम समज. त्यांनी लायब्ररी माझ्याकडे दिली, कारण ऑफिसात सगळ्यात खडूस मीच होते.

ती लायब्ररी सांभाळताना मी माणसं ओळखायला शिकले. एक जण ब्लॉक आणायचा आणि लगेच फोडून त्याच्या सुट्ट्या रेघा करून टाकायचा, म्हणजे दुरुस्तीची वेळ आली की हातानं हुडकत बसा. दुसरा तोच क्लॅम्प ‘नवीन’, ‘नवीन फायनल’, ‘फायनल खरा’ अशा नावांनी परत परत साठवायचा. मागून विचारलं तर कुणीच काही केलेलं नसायचं. ब्लॉक आपोआप बदलत असणार, भुताटकी असेल, असं मी म्हणायचे आणि ते हसायचे. मी हसत नसे. मालकांनी माझा स्वतःचा साठाही लायब्ररीत मागितला तेव्हा मी दिला, पण तिळासकट दिला.

एवढं सगळं सांगितलं, आता घर सांगते. माझा नवराही ड्राफ्ट्समन. तो मूळचा नांदेडकडचा, मी नगरची. लग्नाआधी आम्ही भोसरीतच एका ऑफिसात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसायचो. आता तो चाकणला असतो, आणि त्याची कंपनी आमच्यासारखीच फिक्स्चर बनवते. एकाच कस्टमरकडे कधी आम्ही ऑर्डर घेतो, कधी ते घेतात. म्हणून रावेतला राहायला आलो तेव्हाच मी नियम केला की घरात ड्रॉइंग काढायचं नाही, म्हणजे कामाचा विषय काढायचा नाही. त्यानंही तो मानला. संध्याकाळी कंपनीची बस त्याला देहूरोडला सोडायची, तिथून तो गाडीनं यायचा, आणि आम्ही पाणी, पार्किंग, सोसायटीची मीटिंग यांवर बोलायचो. बरं चाललं होतं.

मग ती फाइल आली. चाकणमधल्या आमच्या एका कस्टमरनं नवी वेल्डिंग लाइन टाकायला घेतली होती. त्यातली काही फिक्स्चर आमची, काही नवऱ्याच्या कंपनीची. एकमेकांना आडवी येत नाहीत ना हे तपासायला कस्टमरनं दोघांची ड्रॉइंग एकत्र जोडून दोघांनाही पाठवली. मी आमची बाजू तपासून झाल्यावर सहज पलीकडे सरकले. दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय वाईट, पण दार उघडंच होतं. त्यांचे क्लॅम्प ओळखीचे वाटले. जवळ गेले, आणखी जवळ गेले. मुठीखाली तीळ होता.

मी आधी मागे वळून बघितलं. माझ्या खुर्चीमागे काका उभे होते.

काका म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने. मूळचे रत्नागिरीकडचे, बोर्डावर पेन्सिलीनं ड्रॉइंग काढायच्या काळापासूनचे. मालकांच्या शब्दाइतकाच त्यांच्या शब्दाला मान. त्यांना तीळ माहीत नव्हता, पण डोळे शाबूत होते. ते म्हणाले, ‘अगो, हे क्लॅम्प आपले दिसतात हो. नावंसुद्धा आपल्या लायब्ररीतलीच आहेत.’

मी म्हटलं, ‘दिसतात खरे.’

‘मग तिकडे गेले कसे?’

काकांनी त्याचं उत्तर माझ्याकडून न घेता मालकांकडे जाऊन शोधलं. काकांचा यात काही डाव असेल असं मला तेव्हा वाटलं. लायब्ररी माझ्याकडे आली तेव्हा ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नव्हते, हे मी विसरले नव्हते.

संध्याकाळी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला नाही, तेव्हाच काय ते कळलं.

‘मॅडम, तुमचं मिस्टर त्याच कंपनीत हायेत ना?’

‘हो.’

‘मी काय तुमच्यावर आळ घेत न्हाई. पण कुंपणच शेत खायला लागलं तर आमी बघायचं कुणाकडं? कस्टमरची मीटिंग हाय, त्याच्या आधी मला कळलं पायजे माल कुठनं गेला. तवर लायब्ररी काका बघतील. आन् घरातनं गेला असंल, तर मग आपलं जमायचं न्हाई.’

आवाज चढवला नव्हता त्यांनी. उद्यापासून सगळ्या कॉम्प्युटरांचे पेनड्राइव्ह बंद करायला माणूस येणार आहे, एवढंच वर सांगितलं. मी बाहेर आले. त्या ऑफिसात मी एकटीच बाई, आणि त्या खुर्चीपर्यंत यायला मला जे ऐकून घ्यावं लागलं ते सगळं त्या एका वाक्यात पाण्यात जाणार होतं. मला मालकांचा राग आला, काकांचा आला, आणि गाडीला किल्ली लावेपर्यंत तो सरकत सरकत नवऱ्यावर जाऊन बसला. माझा साठा लायब्ररीत होता आणि माझ्या पर्समधल्या पेनड्राइव्हवर होता. लायब्ररीला कुलूप होतं. पर्सला चेन होती, पण ती पर्स रोज रात्री आमच्या बेडरूममधल्या खुंटीवर लटकायची.

खरं सांगायचं तर गाडीला किल्ली लावून मी परत वर गेले. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पेनड्राइव्हवरचा एक क्लॅम्प उघडला आणि त्याच्या मुठीखाली पहिल्या तिळाशेजारी दुसरा तीळ ठेवला. हा दोन तिळांचा क्लॅम्प ऑफिसच्या लायब्ररीत नव्हता, दुसरीकडे कुठेच नव्हता. फक्त माझ्या पेनड्राइव्हवर होता. हा जर चाकणच्या ड्रॉइंगमध्ये सापडला, तर तो तिकडे जायला रस्ता एकच.

घरी आल्यावर मी पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवला नाही. फ्रिजवर, दुधाच्या कुपनांशेजारी, कुणालाही दिसेल असा ठेवला.

त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे पहिल्यांदाच परक्या माणसासारखं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस मोबाइल नेहमी पालथा ठेवतो हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं. लॅपटॉप भिंतीकडे पाठ करून बसून वापरतो, म्हणजे स्क्रीन फक्त त्यालाच दिसते. आत्तापर्यंत मी समजत होते की प्लग तिथे आहे म्हणून. जेवताना त्यानं विचारलं, ‘आज उशीर झाला तुला?’ आधी कधी विचारायचा नाही असं नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, ह्याला कशाला हवंय?

‘काम होतं,’ मी म्हटलं.

‘काय चालू आहे सध्या तुमच्याकडं?’

घरात ड्रॉइंग काढायचं नाही, हा नियम त्यानं मोडला. माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, ‘नेहमीचंच,’ आणि त्याच्या ताटात भात वाढला.

सकाळी मी मुद्दाम ओट्याकडे तोंड आणि खोलीकडे पाठ करून पोळ्या लाटायला घेतल्या. एरवी माझं लक्ष चहूकडे असतं, हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी मी एकदाही मागे वळले नाही. फ्रिजचा दरवाजा वाजला. खुर्ची सरकली. मग बराच वेळ काही नाही. नंतर त्यानं विचारलं, ‘डबा झाला का?’ मी म्हटलं, ‘होतोय.’ लाटणं माझ्या हातात जरा जोरातच फिरत असावं, कारण ती पोळी कडेला फाटली.

निघताना बघितलं तर फ्रिजवर फक्त कुपनं होती. तेवढ्यात तो बूट घालता घालता म्हणाला, ‘तुझा पेनड्राइव्ह बाहेर पडला होता. पर्समध्ये टाकलाय. हरवशील कुठंतरी.’

पर्सची चेन उघडली. होता. सेफ्टी पिनांच्या कप्प्यात, माझ्या नेहमीच्या जागी. म्हणजे नेहमीची जागाही ह्याला माहीत होती.

आता कुणी म्हणेल, बाई, तो उघडून बघायचा होतास. कुठे बघू? ऑफिसात त्या दिवशी सकाळीच माणूस येऊन पेनड्राइव्हची सोय बंद करून गेला. घरात लॅपटॉप एकच, तो त्याचा. त्याच्याच लॅपटॉपवर त्याचाच माग काढायचा म्हणजे चोराच्या घरी जाऊन कंदील मागण्यासारखं. मी वाट बघत राहिले.

वाट बघणं म्हणजे काय ते त्या दिवसांत कळलं. माझ्याच स्क्रीनवर लायब्ररी उघडायची तर काकांना विचारावं लागायचं. ते द्यायचे, पण शेजारी उभे राहायचे. पलीकडच्या टेबलावरची कुजबूज मी जवळ गेले की थांबायची. माझ्याबद्दल होती की क्रिकेटबद्दल, देव जाणे. मी धरून चालले की माझ्याबद्दलच. घरी नवरा नेहमीसारखाच होता, आणि तेच मला जास्त खटकत होतं. इतकं साधं कुणी कसं वागू शकतं? एकदा त्यानं येताना माझ्यासाठी भोपळ्याच्या घाऱ्या आणल्या. मी खाल्ल्या, पण मनात म्हटलं, आज हे कशाबद्दल?

मग कस्टमरकडून सुधारलेली फाइल आली. दोघांची ड्रॉइंग पुन्हा जोडलेली. काका जेवायला गेल्यावर मी ती उघडली. सरळ त्यांच्या बाजूला गेले, क्लॅम्प धरला, मुठीजवळ गेले. दोन तीळ असतील तर काय करायचं हे मी ठरवून ठेवलं होतं. एक असेल तर काय, तेही ठरवलं होतं.

मुठीखाली काहीच नव्हतं.

दुसरा बघितला, तिसरा बघितला, त्यांच्या सगळ्या फिक्स्चरवरून फिरले. क्लॅम्प माझाच, रेघन् रेघ माझी, आणि तीळ पुसलेला. एका जागी पुसला की सगळीकडून जातो, तसा गेला होता. पण पुसायचा तर तो तिथे आहे हे आधी माहीत पाहिजे. प्रिंटमध्ये न दिसणारा, कुणाला कधी न सांगितलेला तीळ चाकणमध्ये कुणाला माहीत असणार? हातच्या कांकणाला आरसा कशाला? मला रडू आलं नाही. मला इतका राग आला की माऊस धरलेला हात दुखायला लागला.

त्या दिवशी तो आला, हातपाय धुतले, ताटावर बसला. मी वाढलं नाही. समोर बसले.

‘तुमच्या ड्रॉइंगमधला माझा तीळ कुणी काढला?’

त्यानं माझ्याकडे बघितलं. ‘मी काढला.’

मला वाटलं होतं तो म्हणेल कसला तीळ. तसं म्हणाला असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

‘म्हणजे तुला माहीत होता.’

‘एका ऑफिसात होतो तेव्हा तुझ्या शेजारी कोण बसायचं? तू ते वर्तुळ काढताना जीभ बाहेर काढायचीस. लक्षात राहीलच की.’

‘आधी चोरलास, आता पुरावा पुसलास.’

‘चोरला?’ त्यानं ताट बाजूला सारलं. ‘तुमच्या कस्टमरनं तुमची गेल्या वेळची फाइल आमच्याकडं पाठवली, असंच करा म्हणून. आमच्यातल्या कुणीतरी तीच सेव्ह ॲज करून वर नवीन नाव टाकलं आणि काम चालू केलं. सगळे तसंच करतेत. तुझे क्लॅम्प तिच्यातूनच आले. मी बघितलं तोवर सगळ्या ड्रॉइंगमध्ये पसरले होते.’

‘आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस.’

‘घरात ड्रॉइंग काढायचं नाही, हा नियम कुणाचा?’

नियम माझा होता. पण म्हणून मी मागे हटणार नव्हते. ‘मग आत्ताच का पुसलास?’

‘तुझी खूण बघून लोक तुझ्याकडंच बोट दाखवतील म्हणून.’

‘मला अडचण आहे हे तुला कुणी सांगितलं?’

त्यावर तो थांबला. मग म्हणाला, ‘तुझ्या तोंडावरून कळायलंय की.’

ते थांबणं मला आवडलं नाही. मी म्हटलं, ‘फाइलमधून आलं हे सिद्ध कर.’

‘तू मला कोर्टात उभं करायलीस का?’ तो उठला, ताट स्वतःच वाढून घेतलं आणि टीव्हीसमोर जाऊन जेवला. चोर तो चोर, वर शिरजोर, असं मला वाटलं, आणि तेवढ्यातच असंही वाटलं की हे खरं असलं तर? सेव्ह ॲज करून काम चालू करणं ही आमच्या अख्ख्या पट्ट्याची सवय आहे. कोरी फाइल भोसरीत काय आणि चाकणमध्ये काय, कुणी उघडत नाही. मागच्या कामावर नवं नाव टाकायचं आणि पुढे जायचं. जुनं काय काय त्यात राहून जातं ते कुणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती जोडलेली फाइल पुन्हा उघडली. या वेळी क्लॅम्पच्या मुठीजवळ गेले नाही. लांबूनच, अख्खं फिक्स्चर दिसेल असं बघितलं. आणि एका कोपऱ्यात मला तो दिसला. डावखुरा क्लॅम्प, मूठ डावीकडे वाकवलेली.

त्याची हकीकत अशी. याच कस्टमरच्या गेल्या वेळच्या कामात ट्रायलला एका क्लॅम्पची मूठ शेजारच्या लोखंडी खांबावर आपटत होती. काकांनी हट्ट धरला की मूठ वाकवून डावीकडे घ्या. मी घाईघाईत त्या एका ड्रॉइंगमध्येच नवा क्लॅम्प काढला आणि फाइल पाठवून दिली. त्याला तीळ ठेवायला वेळ झाला नाही. लायब्ररीत टाकायला झालं नाही, पेनड्राइव्हवर घ्यायला झालं नाही. तो क्लॅम्प जगात एकाच फाइलमध्ये होता, जी मी स्वतः कस्टमरला पाठवली होती. आणि आता तो त्या दुसऱ्या कंपनीच्या फिक्स्चरवर, मूठ वाकडी करून बसला होता. तिथे शेजारी खांब नव्हताच. खांब नसताना मूठ वाकडी.

पहिल्या दिवशीही तो तिथेच असणार. मी तीळ शोधत होते आणि ह्याला तीळ नव्हता, म्हणून माझी नजर त्याच्यावरून सरकून गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी आधी काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मग परत खाली आणला. ‘अगो, ही वाकडी मूठ तर माझी,’ ते म्हणाले. ‘हिच्यावरून मी ट्रायलला किती वाद घातला. इथे कशाला हवी ती? इथे खांब कुठे आहे?’

‘लायब्ररीत आहे का ती?’ मी विचारलं. ‘तुमच्याकडेच आहे लायब्ररी, बघून सांगा.’

त्यांनी बघितलं. नव्हती. मग काका स्वतःच केबिनकडे निघाले आणि मला म्हणाले, चल. त्यांचा डाव होता असं मला वाटत होतं ना, तो असलाच तर असा होता. ज्या तोंडानं मालकांना सांगितलं त्याच तोंडानं परत सांगायला ते गेले.

मालकांना खांब आणि मूठ समजायला वेळ लागला नाही. कॉम्प्युटरमधलं कळत नसलं तरी लोखंडातलं कळत होतं. ते म्हणाले, ‘म्हंजी आपणच आपल्या हातानं दिलं व्हय.’ मग चहा मागवला. मीटिंगला ते कस्टमरशी काय बोलले ते मला सांगितलं नाही, पण त्यानंतर बाहेर जाणारी प्रत्येक फाइल माझ्या हाताखालून जायला लागली. नको असलेलं सगळं झाडून, फक्त लागतं तेवढंच मी पाठवते. लायब्ररी परत माझ्याकडे आली. माफी वगैरे कुणी मागितली नाही, आणि मी ती मोजतही बसले नाही. नोकरी राहिली.

घरी आल्यावर म्हटलं, ‘मिटलं.’

तो म्हणाला, ‘बरं झालं.’

‘फाइलमधूनच गेलं होतं.’

‘हं.’

त्यानं बातम्यांचा आवाज वाढवला. सापळ्याचं त्याला माहीत नाही, मग आपण होऊन कशाला उकरा, असं म्हणून मी विषय संपवला. मनात मात्र थोडं शिल्लक राहिलं होतं. त्या सकाळी खुर्ची का सरकली होती? मला अडचण आहे हे तुला कुणी सांगितलं म्हटल्यावर तो थांबला का? खाई त्याला खवखवे म्हणतात. माझं मन एकदा एखाद्या माणसाभोवती फिरायला लागलं की ते पटकन थांबत नाही.

काही महिन्यांनी ऑफिसात माझ्या एकटीच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह चालू करून मिळाला. जुना साठा आणि लायब्ररी एकदा जुळवून टाकावी म्हणून मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. सेफ्टी पिना बाजूला केल्या, लावला. एकेक ब्लॉक बघत गेले. तो दोन तिळांचा क्लॅम्प आला तेव्हा जरा हसूच आलं. पुसून टाकावा म्हणून मुठीजवळ गेले.

तीन तीळ होते.

तिसरा माझा नव्हता. माझे तीळ एका ओळीत असतात, हा किंचित खाली होता, आणि माझ्यापेक्षा जरासा मोठा. मी फाइलची तारीख बघितली. सापळा लावला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. वेळ सकाळची होती, मी पाठ करून पोळ्या लाटत होते तेव्हाची. म्हणजे माझ्या मागे तो खुर्चीत बसून माझा सापळा बघत होता. कशासाठी लावलाय, कुणासाठी लावलाय, सगळं त्याला तिथेच कळलं होतं. मग त्यानं विचारलं होतं, डबा झाला का. आणि डबा घेऊन ऑफिसला जाऊन माझा तीळ पुसून टाकला होता.

मला लाज वाटली. रागही आला, की एवढं कळूनही बोलला नाही. मग वाटलं, मी तरी कुठे बोलले. भांडी उलटी करून बघणाऱ्या बाईबरोबर इतकी वर्षं राहतोय, आणि घाऱ्या आणतोय.

तो क्लॅम्प मी पुसला नाही. लायब्ररीतही टाकला नाही. पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवला, सेफ्टी पिनांच्या कप्प्यात.

संध्याकाळी जेवायला बसलो. मी त्याच्या ताटात, त्यानं न मागता, एक गरम पोळी जास्त वाढली आणि वर तुपाची धार सोडली. तो जेवता जेवता थांबला.

‘काय झालं?’ त्यानं विचारलं.

‘काही नाही.’

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पोळीकडे. मग पोळी बोटांनी उचलली आणि उलटी करून बघितली.